बेरिओच्या सेक्वेंत्सा कशा ऐकाव्यात: एकट्या वाद्यातले 'कोण कोण'

माझ्या आईने तिसरी सेक्वेंत्सा पहिल्यांदा ऐकली ती स्वयंपाकघरातून. कुकरखालचा गॅस बारीक करून तिने तिथूनच विचारलं, "काय गं, कोण कोण भांडतंय?"

"कुणी नाही. एकटी बाई गातेय."

"गातेय?" हात पुसत ती बाहेर आली, मिनिटभर उभी राहिली. "एकटी वाटत नाही," म्हणाली आणि आत गेली.

त्या दोन वाक्यांत आईने अख्खी किल्ली दिली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने 1958 ते 2002 या काळात एकेका वाद्यासाठी चौदा रचना केल्या. फ्लूट, हार्प, स्त्रीचा आवाज, पियानो, ट्रॉम्बोन, व्हायोला, ओबो, व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गिटार, बसून, अ‍ॅकॉर्डियन, चेलो. सगळ्यांचं नाव एकच, सेक्वेंत्सा, आणि पुढे रोमन आकडा. (आपल्याकडे सेक्वेंझा असंही लिहिलेलं दिसतं. शेवटच्या अक्षराचा खरा उच्चार 'चमचा'तल्या पहिल्या च-सारखा, त्यामुळे मराठी माणसाला अडचण यायचं कारण नाही.) विसाव्या शतकातल्या एकल वादनाची सर्वांत अवघड कसोटी म्हणून या रचनांकडे बघितलं जातं. वादक त्यांना घाबरतात आणि श्रोते त्याहून जास्त.

हा लेख श्रोत्यांसाठी आहे, त्यातही ख्याल, नाट्यगीत, सतार-सरोद ऐकत वाढलेल्या कानांसाठी. कारण माझा कान तसाच आहे आणि मी ज्या चुका केल्या त्या त्या कानाच्याच होत्या. पहिले काही महिने मी 'सूर कुठला, लय कुठे, सम कधी येणार' हेच शोधत बसले. यांतलं काही सापडत नाही. मग आईचा प्रश्न आठवला. सेक्वेंत्सा ऐकताना दर मिनिटाला एवढंच विचारायचं: आत्ता इथे कोण कोण आहे?

बसण्याआधी

हेडफोन लागतात. महागडे नकोत, पण फोनचा स्पीकर चालणार नाही, कारण या रचनांत निम्मा मजकूर अगदी हळू आवाजात असतो. सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ, वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. दिवसाला एकच सेक्वेंत्सा. सगळ्या ओळीने ऐकायचा मोह होतो. तिसरीपर्यंत कान बधिर होतात आणि मग 'सगळ्या सारख्याच' असा शेरा मारून माणूस उठतो.

प्रत्येक रचना तीनदा ऐकायची. पहिल्यांदा नुसती, डोळे मिटून. दुसऱ्यांदा वहीत आडवी रेघ मारून तिच्यावर सेकंद मांडायचे आणि आवाज वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली, जोरात असेल तर जाड, अशी वेडीवाकडी आकृती काढायची. चित्र सुंदर व्हायची गरज नाही. तिसऱ्यांदा त्या आकृतीवर बोट फिरवत ऐकायचं. या तिसऱ्या वेळी एक गंमत होते: एकच रेघ काढलीत असं वाटत असतं, पण वरच्या टोकांची एक वेगळी ओळ आणि खालच्या टोकांची वेगळी ओळ तयार झालेली दिसते. हाच बेरिओचा डाव. फ्लूटवर एका वेळी एकच सूर निघतो, पण आपला कान मागचा सूर लगेच पुसून टाकत नाही. वर उडी मारून वाजलेला सूर कानात रेंगाळत असतानाच वादक खाली काहीतरी वेगळं सुरू करतो, आणि दोन माणसं आळीपाळीने बोलत असल्याचा भास होतो. अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराने एकट्या व्हायोलिनसाठी आणि चेलोसाठी हेच केलं होतं. सेक्वेंत्सा या नावात बेरिओला स्वरसमूहांची एकामागून एक येणारी रांग अभिप्रेत होती. त्या रांगेतून बाकीचं सगळं उगवतं.

रेकॉर्डिंगं सहज मिळतात. दॉइच ग्रामोफोन या कंपनीचा तीन सीडींचा संच 1998 चा, म्हणजे चेलोची शेवटची सेक्वेंत्सा त्यात नाही. 2006 मध्ये मोड आणि नॅक्सोस या दोन कंपन्यांनी चौदाच्या चौदा काढल्या. ज्यांच्यासाठी रचना लिहिल्या गेल्या त्यांचं वादन मिळालं तर आधी ते ऐका. ओबोसाठी हाइन्झ होलिगर, आवाजासाठी कॅथी बर्बेरियन.

आणि पहिल्या क्रमांकाने सुरुवात करू नका. मी केली होती.

पायरी पहिली: ओबो, सातवी सेक्वेंत्सा (1969)

ओबो म्हणजे सनईच्या जातीचं पाश्चात्त्य वाद्य. इथून सुरू करायचं कारण साधं आहे. यात तंबोरा आहे.

म्हणजे तंबोरा नव्हे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यामागून एकच सूर हळू आवाजात सतत धरलेला असतो. तो कशावर धरायचा याची मोकळीक आहे. दुसरं एखादं वाद्य, आवाज किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र, फक्त प्रेक्षकांना दिसता कामा नये. हा सूर बी नॅचरल, आपल्या भाषेत पांढरी सात. जर्मन पद्धतीत त्याला एच म्हणतात आणि ते होलिगरच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मित्राच्या नावाचा सूर धरून अख्खी रचना उभी करायची, हा बेरिओचा मिश्कीलपणा.

ऐकण्याआधी हे करा. फोनवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप पांढरी सातवर लावा आणि दोन मिनिटं त्या सुरात स्वतः 'आ'कार लावा. बायकांना फार वर-खाली करावं लागणार नाही. काळी पाचच्या शेजारचीच पट्टी. पुरुषांनी सप्तक बदलून घ्यावं. सूर अंगात बसला की अ‍ॅप बंद करून रचना लावा.

ओबो सुरुवातीला याच सुरावर हटून बसते. एकच सूर, पण बोटठेवण बदलत बदलत, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याचा रंग थोडा वेगळा. जवारी बदलली की त्याच तारेचा आवाज कसा दुसरा होतो, तसं. मग दुसरा सूर येतो, मग तिसरा. रागाची बढत ऐकणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल आणि नेमकी इथेच चूक होते. हा सूर सा नाही. बाकीचे सूर त्याच्याशी नातं सांगत नाहीत, त्याच्याकडे विसाव्याला परतत नाहीत. तो भिंतीतल्या खुंटीसारखा आहे: ओबो किती लांब गेली हे त्याच्यामुळे कळतं, एवढंच. मी कितीतरी दिवस ओबो 'घरी' येण्याची वाट बघत होते. ती वाट बघणं सोडलं त्या दिवशी मला ओबोचं धाडस ऐकू आलं.

या रचनेचं लिखित रूप इंटरनेटवर व्हिडिओसोबत सरकताना बघायला मिळालं तर जरूर बघा. ते कोष्टक आहे: तेरा ओळी, प्रत्येकीत तेरा रकाने. रकान्यांची लांबी सेकंदांत दिलेली, डावीकडचा पहिला 3 सेकंदांचा, मग आखूड होत होत शेवटी 1 सेकंद. म्हणजे प्रत्येक ओळ ऐसपैस सुरू होते आणि शेवटाकडे दाटी होते. आवर्तनाची सवय असलेल्या कानाला हे धागा म्हणून धरता येतं. सम नाही, पण प्रत्येक ओळीच्या अखेरीस धाप लागल्यासारखं होतं आणि पुन्हा सैल. दोन-तीन ओळी घड्याळ लावून मोजा.

'कोण कोण' याचं इथलं उत्तर: पडद्यामागचा एक, समोरची एक, आणि कधीकधी ओबो एकाच फुंकेत दोन-तीन सूर एकदम काढते तेव्हा आणखी कुणीतरी. हे मल्टिफोनिक्स. विशिष्ट बोटठेवण आणि फुंकेचा बदललेला दाब यांमुळे नळीतली हवा एकाच वेळी एकापेक्षा जास्त सुरांत थरथरते. आवाज चिरका वाटेल. ती चूक नाही, तसंच लिहिलेलं असतं.

पायरी दुसरी: व्हायोलिन, आठवी (1976-77)

आधी बाखची शाकोन ऐका; एकट्या व्हायोलिनसाठीच्या डी मायनर पार्टिटाचा शेवटचा भाग, पंधराएक मिनिटांचा, हस्तलिखितावर 1720 हे साल. हे अवांतर नाही. बेरिओने आठवी सेक्वेंत्सा लिहिली ती शाकोनला नमस्कार म्हणून. शाकोनमध्ये एक छोटी बैठक पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर सगळा डोलारा. बेरिओ बैठक आणखी छोटी करतो: फक्त दोन सूर, ए आणि बी. पांढरी सहा, पांढरी सात.

सुरुवातीला व्हायोलिन ए घासत राहते, कर्कश वाटावं इतकं, आणि शेजारचा बी त्यात घुसतो. शेजारचे दोन सूर एकत्र वाजले की जी खरखर होते ती टाळण्यासाठी आपण आयुष्यभर रियाज करतो. इथे तीच खरखर पाया आहे. व्हायोलिन नंतर कितीही भरकटली तरी हे दोन सूर होकायंत्रासारखे परत दिशा दाखवतात. तेरा-चौदा मिनिटं आहेत. पहिल्या फेरीत एवढंच काम करा: ए-बीची जोडी ऐकू आली की वहीत एक टिंब. टिंबं कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत ते शेवटी बघा. रचनेचा नकाशा तुमच्या हातात आलेला असेल.

पायरी तिसरी: पियानो आणि ट्रम्पेट, चौथी आणि दहावी

सतारीला, सारंगीला तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही, मुख्य तार वाजली की त्या आपोआप बोलतात. ज्याला हे माहीत आहे त्याला बेरिओची चौथी (1966) आणि दहावी (1984) निम्मी समजली.

एखाद्या शाळेत, चर्चमध्ये किंवा ओळखीच्या घरी खरा पियानो असेल तर परवानगी घेऊन हा प्रयोग करा. डाव्या हाताने खालच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या इतक्या हळू दाबा की आवाजच होऊ नये, आणि तशाच धरून ठेवा. आता उजव्या हाताने वरच्या सप्तकात त्याच नावाची एक पट्टी जोरात, झटक्यात मारून सोडा. वरचा आवाज तुटतो, पण खालच्या तारा गुणगुणत राहतात. धरलेल्या पट्ट्यांवरचा दट्ट्या उचललेला असतो, त्यामुळे त्या तारा मोकळ्या असतात आणि सूर जुळला की थरथरतात. साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हे होणार नाही.

ग्रँड पियानोच्या तीन पेडलांपैकी मधलं पेडल हेच काम पायाने करतं: दाबण्याच्या क्षणी ज्या पट्ट्या खाली असतील तेवढ्यांच्याच तारा मोकळ्या राहतात. बहुतेक पियानो-साहित्यात हे पेडल धूळ खात असतं. चौथ्या सेक्वेंत्सात ते नायक आहे. वर तुटक, चटके दिल्यासारखे स्वरगुच्छ, आणि खाली आधी धरून ठेवलेल्या गुच्छाची आस. वरचा आणि खालचा यांचं जमतंच असं नाही. कधी खालचा ऐकून घेतो, कधी वरच्याला त्याची जाणीवच नसते. पहिल्या फेरीत तुम्हाला फक्त वरचा ऐकू येईल. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुटक सुरानंतरची शांतता ऐका, कारण ती रिकामी नाही.

दहावीत ट्रम्पेटवादक वाद्याचं तोंड पियानोच्या उघड्या पोटाकडे करून फुंकतो. पियानोजवळ माणूस बसलेला असतो, पण तो एकही सूर वाजवत नाही. आवाज न करता पट्ट्या दाबून धरतो. ट्रम्पेटच्या फुंकेने पियानोच्या तारा गुंजतात. सोळा-सतरा मिनिटं चालणारी ही रचना मला सगळ्या मालिकेत सर्वांत एकाकी वाटते. इथे दुसरा हजर असतो, आणि तरी स्वतःहून काही बोलत नाही.

पायरी चौथी: आवाज, तिसरी (1965-66)

आता आईच्या बाईकडे येऊ. कॅथी बर्बेरियन, अमेरिकेत जन्मलेली आर्मेनियन वंशाची गायिका. 1950 मध्ये तिचं बेरिओशी लग्न झालं, 1964 मध्ये ते वेगळे झाले, आणि त्यानंतर त्याने तिच्यासाठी हे लिहिलं. ही रचना फक्त कॅथीसाठी नाही, कॅथीविषयीही आहे, अशा अर्थाचं बेरिओ म्हणत असे.

शब्द मार्कुस कुटर या स्विस लेखकाचे. नऊ छोटे तुकडे, तीन-तीनच्या तीन ओळींत मांडलेले. उभे-आडवे कसेही वाचले तरी अर्थाचं काहीतरी हाती लागतं. आशय साधारण असा: एका बाईला गाण्यासाठी मला थोडे शब्द द्या, असं सत्य गायला की ज्याच्या आधाराने रात्र होण्याआधी काळजी न करता घर बांधता येईल. बेरिओने या शब्दांच्या ठिकऱ्या केल्या. गायिकेच्या तोंडून अक्षरं येतात, व्यंजनं येतात, मध्येच एखादा सबंध शब्द, की पुन्हा ठिकऱ्या.

म्हणून ही शक्यतो व्हिडिओवर बघा. गायिका रंगमंचावर येतानाच पुटपुटत येते. टाळ्या वाजत असल्या तरी ती थांबत नाही, म्हणजे रचना कधी सुरू झाली हे तुम्हाला कळूच नये अशी व्यवस्था. मग हसणं, खोकणं, जीभ टाळ्याला लावून टकटक, चुटकी, तोंडावर हात धरून आवाज कोंडणं, आणि त्यातूनच अचानक निघणारा लांब, स्वच्छ, गायलेला सूर. लिखित प्रतीत वेळ दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत आखलेली आहे आणि प्रत्येक थोड्या अंतरावर मनःस्थितीची सूचना: ताणलेली, लाडिक, स्वप्नाळू, घाईची, हुंदके देणारी. अशा चाळीसेक मनःस्थिती, आणि एकूण वेळ आठेक मिनिटं. एका भावातून दुसऱ्यात जायला सावकाश वळण नाही. दार उघडलं की थेट पुढची खोली.

तयारी या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ तान किती दाणेदार, किती जलद, असा होतो. बर्बेरियनची तयारी वेगळी आहे. हसण्यापासून रडण्यापर्यंत पाव सेकंदात जायचं, आणि दोन्ही खरी वाटली पाहिजेत. अभिनयाची साथ असलेलं गाणं आपल्याला नवं नाही. बैठकीत बसून लावणीची अदा करणारी कलावंत एकाच ओळीवर दहा भाव दाखवते. फरक असा की तिथे ओळ शाबूत राहते आणि भाव बदलतो. इथे ओळच शाबूत नाही.

ऐकताना वहीत दोन रकाने करा: 'गाणं' आणि 'बाकी सगळं'. सुरुवातीला दुसरा रकाना भरभर भरतो. पुढे पहिला वाढतो का, कधी, आणि ती शेवटी कुठल्या रकान्यात असते? याचं उत्तर मी देणार नाही, शोधण्यातच ती आठ मिनिटं जातात.

पायरी पाचवी: ट्रोम्बोनवरचा विदूषक, पाचवी (1966)

बेरिओचा जन्म 1925 चा, इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या ओनेल्या गावातला. घरात वडील आणि आजोबा दोघेही ऑर्गन वाजवणारे. त्याच गावात टेकडीवर ग्रॉक नावाचा जगप्रसिद्ध स्विस विदूषक राहायचा. तळी, कालवे आणि छोटे पॅगोडे असलेल्या चमत्कारिक बागेत. शाळकरी बेरिओ आणि त्याचे मित्र कुंपणावरून उड्या मारून तिथली संत्री चोरायचे. मग अकराएक वर्षांचा असताना त्याने ग्रॉकला रंगमंचावर पाहिलं. खेळ चालू असताना ग्रॉक मध्येच थांबला, प्रेक्षकांकडे बघून विचारता झाला: वारूम? का? हसावं की रडावं ते त्या मुलाला कळेना.

स्टुअर्ट डेम्पस्टर या अमेरिकन वादकासाठी लिहिलेली पाचवी सेक्वेंत्सा त्या आठवणीची आहे. ही नुसती ऐकून निम्मी हुकते, बघायलाच हवी. वादक ट्रॉम्बोन झटक्यात उचलतो, खाली घेतो, फुंकतो, एक हात म्यूट (वाद्याच्या तोंडावर धरायचं झाकण) उघडझाप करत असतो. वाद्यातून सूर काढतानाच तो गळ्यातूनही गातो, त्यामुळे दोन आवाज एकमेकांवर घासतात. मध्येच थांबतो आणि इंग्रजीत विचारतो: व्हाय? त्यानंतर तो खाली बसतो आणि उरलेला भाग, प्रेक्षक नाहीतच असं समजून, स्वतःशी वाजवतो. श्वास आत घेतानाचे आवाजसुद्धा त्यात आले.

कानाला काम असं द्या: 'व्हाय' हा उच्चार सावकाश करून बघा. ओठ आधी 'उ'सारखे गोल, मग 'आ', मग 'इ'. ट्रॉम्बोनवाला म्यूट झाकतो-उघडतो तेव्हा वाद्याच्या तोंडातून याच स्वरांचे आकार निघत असतात. म्हणजे प्रश्न शब्दांत यायच्या कितीतरी आधीपासून वाद्य तोच प्रश्न विचारत असतं. हे एकदा कळलं की दुसऱ्यांदा बघताना सुरुवातीचं विदूषकी चाळे करणं तितकंसं हसवत नाही.

मधली विश्रांती

इथवर आलात तर आठवडाभर थांबा, किंवा तेरावी ऐका. अ‍ॅकॉर्डियनची, 1995 ची, उपशीर्षक 'शांसाँ', म्हणजे गाणं. अ‍ॅकॉर्डियन आणि आपली पेटी एकाच तत्त्वावर चालतात: भात्याची हवा आणि धातूच्या पट्ट्या. पेटी ऐकलेल्या कानाला तो श्वास लगेच ओळखू येतो. रचना मऊ आहे. हार्पची दुसरी आणि गिटारची अकरावी याही याच सुमाराला ऐकून घ्या. गिटारमध्ये फ्लॅमेंको आणि शास्त्रीय अशा दोन घराण्यांची एकाच सहा तारांवर झटापट आहे, आणि 'कोण कोण'चं उत्तर तिथे सोपं आहे.

पायरी सहावी: फ्लूट, पहिली (1958)

आता पहिली. सेवेरिनो गाझेलोनी या फ्लूटवादकासाठी लिहिलेली, जर्मनीतल्या दार्मश्टाटच्या उन्हाळी संगीत-शिबिरात वाजवलेली, सहाएक मिनिटांची. आधी दोन जुन्या संगीतकारांच्या पायऱ्या चढून या: दब्यूसीची 'सिरिंक्स' (1913) आणि एडगर वारेझची 'डेन्सिटी 21.5' (1936). दोन्ही एकट्या फ्लूटसाठी, तीन-चार मिनिटांच्या. दब्यूसीत फ्लूट अजून रानात आहे. वारेझच्या नावातला आकडा प्लॅटिनमच्या घनतेचा, कारण रचना प्लॅटिनमच्या फ्लूटसाठी होती, आणि सूरही तसाच धातूचा. त्यानंतर बेरिओ लावला तर तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

या रचनेच्या लेखनाची गोष्ट ऐकण्याइतकीच रंजक आहे. बेरिओने नेहमीच्या मात्रा लिहिल्याच नाहीत. ओळीवर ठरावीक अंतराने खुणा, प्रत्येक खूण म्हणजे मिनिटाला 70 या गतीने एक ठोका, सुमारे 0.86 सेकंद; आणि त्यांच्यामध्ये सूर जितके जवळ किंवा लांब छापलेत तितक्या जलद किंवा सावकाश वाजवायचे. कागदावरची जागा म्हणजेच वेळ. बेरिओबरोबर मिलानच्या रेडिओत काम केलेला उंबेर्तो एको 1962 मध्ये 'खुल्या कलाकृती'विषयी लिहिताना हीच रचना उदाहरण म्हणून घेतो: इथे वादक स्वरांची लांबी ठरवतो, कलाकृती त्याच्या हातून पूर्ण होते. एवढ्या मोठ्या विचारवंताने पाठ थोपटल्यावर वादकांनी मोकळीक घेतलीच. इतकी, की बेरिओ वैतागला. त्याच्या मते ते सगळं नेमकं वाजवायचं होतं. शेवटी 1992 मध्ये त्याने तीच रचना नेहमीच्या काटेकोर मात्रांत लिहून पुन्हा छापली. माझं मत विचाराल तर दोघेही थोडे बरोबर आहेत. जागेवर लिहिलेली प्रत बघून वाजवणाऱ्याच्या फुंकेत जो सावधपणा असतो, तो मात्रा मोजणाऱ्याच्या फुंकेत मला सापडत नाही.

तुम्ही हे करून बघा: फोनवरचा मेट्रोनोम 70 वर लावा, आवाज बंद, फक्त लुकलुकणारा दिवा. दोन वेगवेगळ्या वादकांची रेकॉर्डिंगं त्याच्यासमोर वाजवा, शक्यतो एक गाझेलोनीचं आणि एक 1992 नंतरचं. कोण कुठे ठोका सोडून गेलं? तुम्हाला कोण आवडलं?

पायरी सातवी: अंगमेहनतीच्या दोन

व्हायोलाची (व्हायोलिनचं थोरलं भावंड) सहावी (1967) आणि बसूनची (ओबोच्याच जातीचं, पण खर्जातलं वाद्य) बारावी (1995). दोन्ही लांब, दोन्ही शरीर पिळून काढणाऱ्या. यांना घाई करू नका. पहिल्या दिवशी पाच मिनिटं ऐकून बंद केलं तरी चालेल.

सहावीत व्हायोलावादकाचा गज जवळजवळ सतत थरथरतो, तीन-चार तारांवर, पूर्ण जोराने. हात दुखत असणार हे ऐकणाऱ्याला कळतं आणि ते कळावं अशीच योजना आहे. थरथर थांबून एकेरी सूर ऐकू येतात त्या जागा शोधा.

बारावीत पास्काल गालवा हा वादक अठरा-एकोणीस मिनिटं जवळपास श्वास न तोडता वाजवतो. कसं? सनईवाल्यांना ठाऊक आहे. जुन्या सोनारांनाही असायचं. फुंकणीने ज्योत अखंड धरायची तर दुसरा उपाय नव्हता. गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलत असतानाच नाकाने नवी हवा ओढायची. पेल्यात पाणी आणि एक स्ट्रॉ घेऊन बसा, आणि बुडबुडे न थांबू देता नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी सगळं पाणी टेबलावर येईल. पण त्या दहा मिनिटांनंतर बारावी ऐका. बसून एका सुरावरून दुसऱ्यावर अत्यंत संथ मींड घेत सरकते, आणि माणूस कुठे संपतो, वाद्य कुठे सुरू होतं, तो सांधा सापडत नाही. 'कोण कोण' या प्रश्नाची इथे पंचाईत होते.

पायरी आठवी: चेलो, चौदावी (2002)

रोहन डी सरम हा श्रीलंकन वंशाचा चेलोवादक. अर्दित्ती या तंतुवाद्यांच्या चौकडीत वर्षानुवर्षं वाजवलेला, आणि श्रीलंकेतल्या कँडीचा ढोल शिकलेला. बेरिओने त्याच्यासाठी लिहिताना ढोलच चेलोच्या लाकडात उतरवला. वादक डाव्या हाताने तारांवर आणि उजव्याने वाद्याच्या अंगावर थाप मारतो. सगळ्या मालिकेत आपल्या कानाला लयीचं सुख सर्वांत जास्त इथे मिळतं, आणि तरी ती मी आठव्या पायरीवर ठेवली आहे. आधी ऐकली असती तर तुम्ही बाकीच्यांत तबला शोधत बसला असता. पुढच्या वर्षी, मे 2003 मध्ये, बेरिओ गेला.

पायरी नववी: एकट्याभोवतीची गर्दी

बेरिओने काही सेक्वेंत्सांभोवती इतर वाद्यं रचून नव्या रचना केल्या. त्यांतल्या बहुतेकांचं नाव 'शेमँ', म्हणजे वाटा. हार्पच्या सेक्वेंत्सावरून पहिली, ओबोवरून चौथी. तिथे ओबोभोवती अकरा तंतुवाद्यं. व्हायोलिनच्या आठवीवरून केलेलीचं नाव 'कोराले' (1981). या रचना म्हणजे तुमची परीक्षा आहे. सेक्वेंत्सात तुम्ही वहीत जे 'दुसरे' टिपले होते ते बेरिओलाही ऐकू येत होते का? इथे त्याने त्यांना खरी वाद्यं दिली आहेत. जुनी वही उघडून मिळतंजुळतं बघा. माझी निम्मी टिपणं चुकली होती.

सर्वांत जास्त थर व्हायोलाच्या सहावीला चढले. 'शेमँ दोन'मध्ये व्हायोला आणि नऊ वाद्यं, 'तीन'मध्ये पूर्ण वाद्यवृंद. एकमेकांवर चढलेले कांद्याचे पापुद्रे, अशी उपमा बेरिओने स्वतः दिली आहे. आणि मग 1970 ची एक आवृत्ती, 'दोन-ब', जिच्यात मधली व्हायोलाच काढून टाकली आहे. वाद्यवृंद तिच्याभोवतीचं सगळं वाजवतो. सहावी तीन-चारदा ऐकून झाली असेल तरच ही लावा, आणि पेन्सिल हातात घेऊन बसा: व्हायोला आत्ता कुठे असती, त्या प्रत्येक ठिकाणी एक रिकामं वर्तुळ काढायचं.